पुढच्या दहा वर्षांचं काय ठरवलंय? दीर्घकालीन ध्येयं आणि त्यांचं नियोजन

कोरी_वही

नोकरीतल्या मूल्यमापनात ‘पाच वर्षांनी कुठे असाल?’ असं विचारतात. त्याचं ठरावीक उत्तर सगळ्यांकडे तयार असतं, माझ्याकडेही आहे. इथे विचारायचंय ते वेगळंच. हाच प्रश्न स्वतःला विचारला, तर खरंखुरं उत्तर शोधायचं कसं?

वय ३६. शिक्षण संपल्यापासून एकाच क्षेत्रात आहे, सध्या छोटी टीम सांभाळते. काम वाईट नाही, पण पुढे तीन वाटा दिसतात. व्यवस्थापनात वर सरकत राहायचं, किंवा अर्धवेळ पदव्युत्तर पदवी घेऊन शिकवण्याकडे वळायचं (हे मनापासून हवंय), किंवा एका मैत्रिणीबरोबर सल्लागार म्हणून स्वतंत्र काम सुरू करायचं. घरची यादी निराळी: तब्येत, मुलीची शाळा, सासूबाईंचं दुखणं, घराचं कर्ज, आणि वर्षानुवर्षं ‘कधीतरी’च्या खात्यावर पडलेलं सतार शिकणं.

या विषयावर जितकं वाचते, ऐकते तितकी यादी वाढतेच आहे. तर जाणकारांनो, इतकं लांबचं ठरवण्याला अर्थ असतो का? असेल तर काय आधी आणि काय नंतर, हे कशावरून ठरवता? आणि ठरवलेलं फसतंय हे वेळेत कसं ओळखता?

‘मन लावून कर, सगळं होतं’ छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

रिकामटेकडा

रुमाल टाकून जागा धरून ठेवतो. हीच अवस्था आहे, फक्त यादी जास्त लांब आणि वयही जास्त.

अर्धविराम

छान धागा. माझ्या मते पहिली पायरी म्हणजे ध्येयं कागदावर लिहून काढणं. येल विद्यापीठात १९५३ साली एक पाहणी झाली होती. त्या वर्गातल्या फक्त ३ टक्के मुलांनी ध्येयं लिहून ठेवली होती, आणि वीस वर्षांनी त्या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्र संपत्तीपेक्षा जास्त निघाली. यातच सगळं आलं.

दुसरं म्हणजे ‘स्मार्ट’ पद्धत. ध्येय नेमकं हवं, मोजता येणारं हवं, आवाक्यातलं हवं, आपल्याशी निगडित हवं आणि त्याला मुदत हवी. आमच्या कंपनीत सगळं यावरच चालतं.

त्रयस्थ

अर्धविराम, ती येलची पाहणी कधी झालीच नाही. प्रेरणादायी वक्त्यांच्या भाषणांतून ती इतकी फिरली की शेवटी पत्रकारांनी मुळाशी जाऊन शोध घेतला. विद्यापीठाकडे अशी कुठलीही नोंद सापडली नाही. कधी येलऐवजी हार्वर्डचं नाव लावून तीच गोष्ट सांगतात.

‘स्मार्ट’चा जन्म मात्र खरा आहे. जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये व्यवस्थापनाच्या एका मासिकात तो लेख लिहिला. त्यांच्या मूळ मांडणीत ‘ए’ हे अक्षर ‘आवाक्यातलं’साठी नव्हतंच, ‘हे काम कोणाकडे सोपवलंय’ यासाठी होतं. म्हणजे साहेबाने खालच्यांना काम नेमून देण्याची ती पद्धत. तिमाहीच्या उद्दिष्टाला उत्तम. पण ‘मला शिकवण्याकडे वळायचंय का’ हा प्रश्न तीत घालून काही निघणार नाही, कारण ती उत्तर ठरल्यानंतर कामाला येते.

लिहिण्याला माझा विरोध नाही. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांनी काही दशकं यावर संशोधन केलं. नेमकं आणि थोडं अवघड ध्येय दिलं की माणसं ‘जमेल तितकं कर’ सांगितल्यापेक्षा चांगलं काम करतात, हा त्यांचा निष्कर्ष पुन्हा पुन्हा खरा ठरलाय. अट अशी की ते ध्येय माणसाला आपलं वाटायला हवं आणि वाटेत कुठवर आलो हे त्याला कळत राहायला हवं. काम गुंतागुंतीचं आणि नवखं असेल तर आकड्याचं ध्येय उलट अडथळा करतं. तिथे ‘इतकं मिळवेन’पेक्षा ‘अमुक पद्धत शिकेन’ असं ध्येय जास्त उपयोगी पडतं. लॉकबाबा स्वतःच हे मान्य करतात.

अर्धविराम

हे नवीन कळलं, धन्यवाद. आमच्या प्रशिक्षण वर्गात अजून तीच स्लाइड दाखवतात, आता मजा येईल. पण मग लिहायचं काय, ते सांगा की.

उंटावरचा_शहाणा

मी विरोधी पक्षात. दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

दहा वर्षांपूर्वी मी जे काम करायचो त्या कामाचं नावच आता शिल्लक नाही. ज्यांनी तेव्हा दहा वर्षांचे तक्ते केले त्यांचे तक्ते दोन फेरबदलांत आणि एका विलीनीकरणात वाहून गेले. आमच्यातले जे आज बरे आहेत ते कोणी ठरवून इथे आलेले नाहीत. कोणाला कोणी सहज फोन केला, कोणी रजेवर गेलेल्याच्या जागी काम केलं आणि तिथेच चिकटला. जॉन क्रुम्बोल्ट्झ नावाचे समुपदेशन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हेच मांडलं. करिअरमध्ये योगायोग येणारच, तेव्हा योगायोग ओढवून घेण्याची आणि आला की वापरण्याची सवय लावा. कुतूहल, चिकाटी, लवचीकपणा, आशावाद आणि थोडी जोखीम, बस. तक्ता नको.

सावकाश

शहाणे, तुमचे क्रुम्बोल्ट्झ ‘काहीच ठरवू नका’ असं म्हणत नाहीत. ठरवा, पण डोळे उघडे ठेवा, असं म्हणतात. फरक आहे.

कोरी_वही, मी निवृत्त झालोय, त्यामुळे थोडं काकांच्या अधिकाराने ‘तू’ म्हणतो. तीन वाटा लिहिल्यास त्या तिन्ही वाटांची नावं आहेत, काम त्यात कुठेच नाही. पदाचं नाव ऐकायला गोड असतं, रोजचं काम वेगळंच असतं. आमच्याकडे एक हुशार अभियंता विभागप्रमुख व्हायला उतावीळ होता. त्याला म्हटलं, आधी सध्याच्या प्रमुखांचं आठवड्याचं कॅलेंडर मागून घे आणि नीट बघ. त्यात होतं काय? सोमवारी अंदाजपत्रकाची बैठक, तीही गेल्या आठवड्यातली अपुरी राहिलेली. मंगळवारी दोन माणसांच्या रजेवरून भांडण. बुधवारी वरिष्ठांसाठी सादरीकरण, गुरुवारी त्याच सादरीकरणाची दुरुस्ती. शुक्रवारी एकाला कामावरून कमी करायचं होतं, ते बोलणं. ज्यासाठी त्याला ते पद हवं होतं, म्हणजे तांत्रिक निर्णय, ते आठवड्याभरात सगळं मिळून दीड तास. त्याने अर्ज केला नाही आणि आजही मजेत आहे.

तर शिकवणाऱ्या कोणाला तरी भेट. वर्गातल्या तासाबद्दल विचारू नकोस, तो सगळ्यांनाच आवडतो. उत्तरपत्रिका तपासणं, तोच धडा सहाव्यांदा शिकवणं, हजेऱ्या, समित्या, अहवाल, याबद्दल विचार. त्या वाटेवरचं सगळ्यात कंटाळवाणं काम तुला चालणार असेल तर ती वाट तुझी. हौस सगळ्या वाटांवर सारखीच वाटते.

दोन_ओळी

+१ काका. आणि जमलं तर महिन्यातून एखादा तास कुठेतरी पाहुणी म्हणून शिकवून बघा. राजीनामा न देता खूप काही कळतं.

मुक्कामपोस्ट

माझं पोटच नियोजनावर चालतं (बांधकाम प्रकल्पांची वेळापत्रकं), म्हणून थोडं लांबण लावते.

‘योजना वाहून जातात’ हे खरंय. पण बहुतेक योजना कागदावरच अशक्य असतात, वाहून जायला पूर यावा लागत नाही. सिडनीचं ऑपेरा हाउस १९६३ मध्ये पुरं होणार होतं, खर्चाचा अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. उघडलं १९७३ मध्ये, खर्च १० कोटी २० लाख. बरं, हे फक्त मोठ्या प्रकल्पांचं नाही. १९९४ च्या एका अभ्यासात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल ते विचारलं. सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळं वाईटात वाईट झालं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले साडेपंचावन्न. म्हणजे माणसाचा ‘वाईटात वाईट’ अंदाजही आशावादीच असतो. कानेमन आणि ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच यावर बोट ठेवलं होतं. आपण आपल्या कामाकडे आतून बघतो, आणि तसंच काम आधी केलेल्या दहा जणांना किती वेळ लागला ते बघत नाही.

उपाय साधा आहे, पण कोणी करत नाही. अर्धवेळ पदवी घेतलेल्या माणसांना विचारा, ‘तुम्हाला खरोखर किती वर्षं लागली?’ अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकावरचा आकडा धरू नका.

आता हिशोब. आठवड्याचे तास १६८. समजा नोकरी ४५, येणंजाणं ८. उरले ११५. रोज साडेसात तास झोप म्हणजे साडेबावन्न, उरले साडेबासष्ट. स्वयंपाक, आंघोळ, जेवण, आवराआवर, सामान आणणं याला रोजचे चार तास धरले तर २८. उरले साडेचौतीस. मुलं आणि घरातली मोठी माणसं यांचे १८. उरले साडेसोळा. यात सणवार, पाहुणे, आजारपण, ‘आज नको वाटतंय’ आणि फोनवर गेलेला वेळ सगळं आलं. डोकं ताजं असलेले, कोणी हाक न मारणारे तास यातून सहा निघाले तरी नशीब म्हणायचं. वर्षाचे ४६ आठवडे धरा (उरलेले सहा जातातच), सहा चोक... म्हणजे ६ गुणिले ४६, २७६ तास.

तुमच्या दहा वर्षांच्या ध्येयांचं वर्षाचं भांडवल हे इतकंच आहे, २७६ तास. बाकी सगळं बोलणं यानंतर.

पदवीला एकूण ९०० तास लागतात असं धरू. सगळं भांडवल तिला दिलं तर सव्वातीन वर्षं. तेच तास पदवी, सल्लागारी आणि सतार यांत सारखे वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाला ९२, आणि तीच पदवी जवळजवळ दहा वर्षांवर जाते. तोवर अभ्यासक्रमही बदललेला असेल. म्हणून ‘काय महत्त्वाचं आहे’ हा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. सगळंच महत्त्वाचं असतं, म्हणून तर यादीत असतं. मी लोकांना विचारते, या दोन वर्षांत तुम्ही काय करणार नाही?

रिकामटेकडा

हा हिशोब मांडून पाहिला. साडेसोळाऐवजी उणे चार आले. म्हणजे झोप कमी पडतेय ती इथे जातेय तर.

कोरी_वही

मुक्कामपोस्ट, प्रतिसाद तीनदा वाचला. वाचनखुणांत टाकला.

माझे सहाही निघत नाहीत, साडेचार निघतात, आणि तेही सगळे पहाटेचे. सल्लागारीचं मैत्रिणीला आजच सांगितलं की या वर्षी नाही. ती जरा खट्टू झाली. पण एक अडचण आहे. ‘मुलं आणि मोठी माणसं १८’ हे माझ्या नावावर २७ आहेत आणि नवऱ्याच्या नावावर ७. आणि त्याचंही एक ध्येय आहे, त्याला परदेशातल्या शाखेत दोन-तीन वर्षं जायचंय. माझ्या एकटीच्या तक्त्याला मग काय अर्थ?

आडवाट

इथेच बहुतेक चर्चा अडतात, आणि बहुतेक लेखांत हा भाग नसतोच. ‘तुमचं ध्येय’ असं लिहिणाऱ्याच्या डोक्यात एकटा माणूस असतो, ज्याचे कपडे आपोआप धुतले जातात.

आम्ही दोघं नोकरी करतो. आमच्याकडे हे तीन-चार वर्षं धुमसत होतं, शेवटी एकत्र बसून मांडलं. आधी घरातली सगळी कामं तासांसकट एकाच कागदावर. दिसणारी आणि न दिसणारी. न दिसणारी म्हणजे औषधं संपत आलीत हे लक्षात ठेवणं, शाळेचे निरोप वाचणं, दवाखान्याची वेळ घेणं, येणाऱ्या लग्नाच्या आहेराचं बघणं. नवरोबांना दुसऱ्या रकान्याचा खरंच पत्ता नव्हता. भांडण झालं नाही असं नाही, पण आकड्यांवर भांडण झालं की ते लवकर संपतं.

मग पाळी लावली. एका वेळी एकाचंच मोठं काम. ज्याची पाळी त्याला घरातले ठरलेले तास माफ, दुसऱ्याने ते उचलायचे. पाळीला शेवटची तारीख असते. ती नसेल तर ‘आधी तुझं होऊ दे’ म्हणणाऱ्याची पाळी कधीच येत नाही, आणि ते म्हणणारी व्यक्ती बहुतेक घरांत कोण असते ते सांगायला नको. मुदत वाढवायची तर दोघांनी बसून वाढवायची, आपोआप वाढत नाही.

तुमच्या बाबतीत परदेश आणि पदवी एकाच काळात येत असतील तर आधी तेवढंच बोला. सतार, व्यायाम, कर्ज हे सगळं त्यानंतर.

सावकाश

आडवाट, उत्तम. आमच्या पिढीत हा कागद झालाच नाही. माझ्या ध्येयांचे तास कुठून येत होते हे मी कधी विचारलं नव्हतं.

निमित्तमात्र

पैशाचं कोणीच बोललं नाही, म्हणून थोडक्यात. वाट बदलायची तर आधी दोन आकडे काढा. घर महिन्याला किती मागतं, आणि उत्पन्न थांबलं किंवा अर्ध्यावर आलं तर हातातले पैसे किती महिने पुरतील. ‘माझ्यात हिंमत नाही’ म्हणणाऱ्यांत बऱ्याच जणांचा खरा प्रश्न दुसऱ्या आकड्याचा असतो. चार महिने असतील तर भीती योग्यच आहे. अठरा असतील तर मग हिंमतीबद्दल बोलू.

लांबच्या मुदतीसाठी ७२ चा ठोकताळा लक्षात ठेवा. ७२ ला वार्षिक दराने भागलं की पैसा दुप्पट व्हायला लागणारी वर्षं येतात. ६ टक्क्यांनी १२ वर्षं, ८ टक्क्यांनी ९. हाच ठोकताळा महागाईलाही लागू आहे, फक्त उलट बाजूने. ६ टक्के महागाईत आजच्या पैशाची किंमत १२ वर्षांत निम्मी. दहा वर्षांनंतरचं ध्येय आजच्या खर्चात मांडणारे इथेच फसतात.

पहिलाच_प्रतिसाद

नमस्कार, इथे आजवर फक्त वाचत आलोय. वय २२. तुम्हा सगळ्यांकडे निदान यादी तरी आहे, माझ्याकडे तीही नाही. काय हवंय हेच माहीत नाही, आणि बरोबरीच्या सगळ्यांचं ठरलेलं दिसतं. आत्ताच ठरवलं नाही तर उशीर होईल का?

त्रयस्थ

बरोबरीच्यांचं ठरलेलं *दिसतं*, एवढंच लक्षात ठेव.

२०१३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास आला होता. १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून अधिक लोकांना त्यांच्या स्वभावाबद्दल, मूल्यांबद्दल, आवडीनिवडींबद्दल विचारलं. गेल्या दहा वर्षांत किती बदललात? सगळ्यांचं म्हणणं, बरेच. येत्या दहा वर्षांत किती बदलाल? फारसे नाही. हे विशीतलेही म्हणाले आणि पन्नाशीतलेही. प्रत्येकाला वाटतं, मी आता जसा व्हायचा तसा झालो. आता गंमत बघ, दहा वर्षांचं ध्येय आपण ज्याच्यासाठी ठरवतो तो माणूस आपल्या ओळखीचा नसतो. त्याच्या गळ्यात फार अरुंद काही बांधू नये.

म्हणून तुझ्या वयात ‘मी अमुक होणार’पेक्षा ‘येत्या वर्षात मी या दोन गोष्टी करून बघणार’ पुरे. मात्र करून बघणं म्हणजे खरंच करणं, व्हिडिओ बघणं नव्हे. आणि करून झाल्यावर चार ओळी लिहून ठेव: काय करताना वेळेचं भान राहिलं नाही, काय टाळत होतो.

उंटावरचा_शहाणा

बघा, आले ना माझ्या पक्षात!

मुक्कामपोस्ट

अर्धेच आलेत. बावीसच्या माणसाने दारं उघडी ठेवावीत, मान्य. पण चाळिशीतही सगळी दारं उघडी ठेवून बसणारे माझ्या ओळखीत आहेत, आणि ते कुठेच गेलेले नाहीत. दार उघडं ठेवायलाही तास लागतात. दोन क्षेत्रांत ‘अपडेट’ राहणं, दोन्हीकडचे संबंध टिकवणं, हे सगळं त्याच २७६ मधून जातं.

अर्धविराम

एक बाळबोध प्रश्न. ठरवून झालं, तास काढले, तरी तिसऱ्या आठवड्यात सगळं थंडावतं. २१ दिवसांत सवय लागते म्हणतात ना? (हेही खोटं आहे असं सांगू नका आता.)

त्रयस्थ

सांगतोच. २१ चा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या लिखाणातून आला. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. ‘निदान’ गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी सगळं जग आलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजलं (२०१०), तेव्हा मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. आपण मात्र एक दिवस चुकला की ‘गेलं सगळं’ म्हणून सोडून देतो.

तिसऱ्या आठवड्यासाठी मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचा उपाय करून बघा. ‘रोज अभ्यास करेन’ असं न लिहिता ‘अमुक झालं की तमुक करेन’ असं लिहायचं. उदाहरणार्थ, ‘सकाळी चहाचा कप खाली ठेवला की टेबलावरची वही उघडेन. मुलीला बरं नसेल आणि सकाळ गेली, तर रात्री नऊला पंधरा मिनिटं फक्त टिपणं वाचेन.’ दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचं, कारण बिघडल्यावर काय करायचं ते बिघडण्याआधी ठरलेलं असतं. २००६ मध्ये अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, परिणाम मध्यम ते मोठा निघाला. इतक्या स्वस्तात इतकं देणारे उपाय या विषयात फार नाहीत.

दोन_ओळी

मूळ प्रश्नातला तिसरा भाग राहिलाच, फसतंय हे कसं ओळखायचं. मी सुरुवातीलाच ‘सोडण्याची अट’ लिहून ठेवते. ‘दोन सत्रं झाल्यावरही अभ्यासाला बसताना जीवावर येत असेल, तर थांबेन’, असं. तारीख आणि अट दोन्ही आधीच. मध्यात गेल्यावर आपण खर्च झालेल्या वेळाकडे बघूनच निर्णय घेतो. कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात असं दिसलं की अशक्य झालेलं ध्येय सोडून दुसऱ्याला लागू शकणारी माणसं मनाने जास्त बरी असतात. नुसतं सोडणं नाही, पुढचं काही धरणंही हवं.

मुक्कामपोस्ट

याला जोडून: सुरुवात करण्याआधी घरातल्यांना घेऊन अर्धा तास बसा आणि असं धरा की दोन वर्षं झालीत आणि योजना साफ फसलीय. आता प्रत्येकाने का फसली ते लिहायचं. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ही युक्ती आम्ही प्रत्येक प्रकल्पाला वापरतो. ‘काय अडचणी येतील?’ विचारलं की लोक गुळमुळीत बोलतात. ‘फसलंय, कारण सांगा’ म्हटलं की भराभरा बोलतात.

कोरी_वही

केलं! नवरा, मी आणि मुलगी. मुलीने लिहिलं, ‘आईने कोणाला सांगितलंच नाही की तिचा अभ्यासाचा वेळ आहे, म्हणून सगळे तिला हाका मारत होते.’ नवऱ्याने लिहिलं, ‘माझं परदेशाचं मध्येच निघालं.’ मी लिहिलं, ‘सासूबाईंची तब्येत.’ तीनही कारणं खरी आहेत आणि तीनही आजच दिसतायत.

तर सध्याचा कच्चा आराखडा असा. दिशा: चाळिशीनंतर कधीतरी अर्धा वेळ तरी शिकवणं. याला तारीख लावलेली नाही, मुद्दामच. पुढची दोन वर्षं पाळी माझी, परदेशाचं त्यानंतर. नवऱ्याने कार्यालयात तसं बोलून घेतलंय. पहिले सहा महिने पदवी नाहीच, महिन्यातून दोनदा पाहुणी म्हणून शिकवणं आणि एक छोटा अभ्यासक्रम. त्यानंतर प्रवेशाचा निर्णय. कर्जाचा हप्ता आहे तसा, जादा भरणा बंद करून तो पैसा सहा महिन्यांच्या खर्चासाठी बाजूला. सासूबाईंसाठी आठवड्यातले तीन दिवस मदतनीस, तिचा खर्च दीर अर्धा उचलतोय. सतार या दोन वर्षांत नाही. हे लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आढावा दर तीन महिन्यांनी. पहिला मार्चअखेर.

आडवाट

झकास. एकच सुचवते, दोन वर्षांनंतर पाळी त्याची, त्याचीही अखेरची तारीख आत्ताच लिहून टाका.

मुक्कामपोस्ट

मार्चअखेर तुमच्या टीमचं वर्ष संपतं ना? मुलीची वार्षिक परीक्षाही तेव्हाच. त्या आठवड्यात आढावा घ्याल तर सगळंच फसल्यासारखं वाटेल. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ढकला. आणि अभ्यासाचे साडेचार तास कॅलेंडरवर नवऱ्याला आणि मुलीलाही दिसतील असे टाका, तिचं कारण तिघांत सगळ्यात स्वस्तात सुटणारं आहे.

कोरी_वही

एप्रिल केलं. कॅलेंडरवरही टाकलं. मुलीने त्यात स्वतःचे दोन तास घातलेत, विषय लिहिलेला नाही.

रिकामटेकडा

माझे उणे चार अजून तिथेच आहेत. मुक्कामपोस्ट, येणंजाण्याचे तास बसमध्ये बसायला जागा मिळाली तर अभ्यासात धरता येतात का?

मुक्कामपोस्ट

वाचायचं, ऐकायचं असेल तर निम्मे धरा. लिहायचं असेल तर शून्य.